ऑक्टोबर १९६२ वर्गात: परराष्ट्र धोरणावर साधकबाधक विचार शिकवण्याचं एक प्रकरण

सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना परराष्ट्र धोरणावर बोलायला सांगितलं की बहुतेक वर्गांत दोनपैकी एक गोष्ट घडते. चार बोलकी मुलं बातम्यांत ऐकलेली वाक्यं एकमेकांवर फेकतात आणि बाकीचा वर्ग बघत बसतो. नाहीतर ‘हे आपल्या हातात थोडंच आहे’ म्हणून सगळेच गप्प होतात. दोन्हीकडे उणीव एकच असते. समोर एक निर्णय आहे, तो अपुऱ्या माहितीवर घ्यायचा आहे आणि त्याची किंमत कुणाला तरी मोजावी लागणार आहे, हे मुलांना कधी अंगावर घ्यावंच लागलेलं नसतं. ते घ्यायला लावलं तर काय होतं, याची ही नोंद आहे.

वर्ग इतिहासाचा, मुलं तीसेक, विषय १९६२ चा क्युबातल्या क्षेपणास्त्रांचा पेच. शिकवणाऱ्या बाई अनुभवी होत्या. गटांचे कागद तयार करायला मी त्यांना मदत केली आणि सगळे तास मागच्या बाकावर बसून टिपणं काढली.

हाच प्रसंग का

१४ ऑक्टोबर १९६२ रोजी अमेरिकेच्या यू-२ या टेहळणी विमानानं क्युबावरून उडताना काढलेल्या छायाचित्रांत सोव्हिएत क्षेपणास्त्रांचे तळ दिसले. १६ तारखेच्या सकाळी ही बातमी राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्यापर्यंत पोहोचली. २२ तारखेच्या संध्याकाळी त्यांनी दूरचित्रवाणीवरून देशाला सांगेपर्यंत ती गुप्त राहिली. म्हणजे जवळपास आठवडाभर मूठभर माणसं बंद दाराआड एकाच प्रश्नाचा काथ्याकूट करत होती. केनेडींनी यातल्या अनेक बैठका गुपचूप ध्वनिमुद्रित केल्या आणि पुढे ती मुद्रणं खुली झाली. त्यामुळे कोण कुठल्या मुद्द्यावर अडला, कोणाचं मत कशामुळे फिरलं, हे आज तपासता येतं. खुद्द केनेडी पहिल्या दिवशी हवाई हल्ल्याकडे झुकले होते आणि आठवड्याच्या शेवटी नाकेबंदीवर आले.

शाळेच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे. मोठ्या पदावरची माणसं मत बदलतात आणि तसं केल्यानं त्यांची पत जात नाही, हे मुलांना एरवी कुठे पाहायला मिळतं?

अडचणही तितकीच मोठी होती. शेवट काय झाला हे अर्ध्या वर्गाला ठाऊक होतं. नाकेबंदी झाली, क्षेपणास्त्रं परत गेली, युद्ध टळलं. उत्तर माहीत असलेल्या प्रश्नावर विचार कसला करायचा? म्हणून बाईंनी एक नियम घातला. २१ ऑक्टोबर १९६२ च्या रात्रीनंतरची कुठलीही माहिती वापरायची नाही. कुणी ‘पण पुढे तर…’ असं सुरू केलं की शेजारच्यानं भिंतीवर लावलेल्या तारखेकडे बोट दाखवायचं. दुसऱ्या दिवसापर्यंत मुलं हा नियम बाईंपेक्षा कडकपणे पाळायला लागली.

कागद

गट चार केले. पहिल्याकडे क्षेपणास्त्रं सहन करून फक्त राजनैतिक निषेध नोंदवण्याचा मार्ग, दुसऱ्याकडे सोव्हिएत संघाचे नेते क्रुश्चेव्ह यांच्याशी गुप्त बोलणी आणि देवाणघेवाण, तिसऱ्याकडे समुद्रातून नाकेबंदी, चौथ्याकडे तळांवर हवाई हल्ला आणि वेळ पडली तर स्वारी. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातून सुरू झालेल्या चॉइसेस प्रकल्पाची पद्धत साधारण अशीच आहे. प्रत्येक पर्याय एखाद्या समंजस माणसानं मनापासून मांडावा तसा लिहायचा आणि त्यात बुजगावणं एकही ठेवायचं नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण कागद लिहिताना आमचा सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

‘सहन करा’ हा पर्याय मुलं भित्रेपणा म्हणून उडवून लावतील अशी भीती होती. म्हणून त्या कागदावर संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा यांनी पहिल्याच दिवशी मांडलेला मुद्दा ठळकपणे घेतला. अमेरिकेकडे सोव्हिएत संघापेक्षा कितीतरी जास्त अण्वस्त्रं होती, त्यामुळे क्युबातल्या क्षेपणास्त्रांनी लष्करी तोल खरोखर बदलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. सेनाप्रमुखांना ते अजिबात मान्य नव्हतं, हेही त्याच कागदावर होतं. हवाई हल्ल्याच्या कागदावर साधारण २,००० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा नकाशा होता आणि त्या वर्तुळात वॉशिंग्टन येत होतं. अण्वस्त्रं प्रत्यक्ष क्युबात उतरली आहेत की नाहीत हे त्या दिवशी वॉशिंग्टनला खात्रीनं माहीत नव्हतं. तेही तसंच लिहिलं, कारण माहितीतली भगदाडं लपवली असती तर सगळा खटाटोप वाया गेला असता.

प्रत्येक कागदाच्या तळाशी एक रिकामं वाक्य होतं: ‘आमचा मार्ग निवडला तर ______ यांना ______ सोसावं लागेल.’ आपली बाजू मांडायला उभं राहण्याआधी गटानं हे वाक्य पूर्ण करून मोठ्यानं वाचायचं होतं.

पहिली फेरी

हवाई हल्ल्याच्या गटाचा म्होरक्या वक्तृत्व स्पर्धा गाजवणारा मुलगा होता. आवाज खणखणीत, एक घाव दोन तुकडे करण्याचा स्वभाव. त्यानं वाक्य पूर्ण केलं: ‘आमचा मार्ग निवडला तर शत्रूला पराभव सोसावा लागेल.’ वर्गात टाळ्या पडल्या. बाईंनी टाळ्या थांबू दिल्या आणि विचारलं, ‘आणखी कुणाला?’

तो अडखळला. त्याच्याच गटातली एक मुलगी कागदावर बोट फिरवत होती. ती म्हणाली, ‘तळांवर सोव्हिएत सैनिक आहेत. बॉम्ब टाकले तर ते मरतील. मग क्रुश्चेव्ह गप्प बसतील का? बर्लिनमध्ये काहीतरी करतील.’ कागदावर बर्लिनचा उल्लेख एका ओळीत होता. अमेरिकेच्या गटातलं पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी सोव्हिएत गटातल्या पूर्व जर्मनीच्या पोटात होतं, तिथे दबाव आणणं सोव्हिएत संघाला सहज शक्य होतं. केनेडींच्या बैठकांतही ही भीती पुन्हा पुन्हा निघाली. मुलीनं ती ओळ नुसती वाचली नव्हती, ती आपल्याच गटाच्या प्रस्तावाला लावून पाहिली होती. गटानं वाक्य पुन्हा लिहिलं. या वेळी त्यात सोव्हिएत सैनिक, क्युबातले नागरिक आणि बर्लिनचे रहिवासी असे तिघे होते.

माझ्या मते आठवड्याची खरी सुरुवात इथे झाली. वादविवाद स्पर्धेत आपल्या बाजूचं उणं सांगणारा हरतो. इथे ते सांगितल्याशिवाय बोलायलाच मिळत नव्हतं. स्पर्धेची सवय मुलांच्या हाडीमाशी भिनलेली असते, ‘शांतपणे बोला, ऐकून घ्या’ अशा उपदेशानं ती जात नाही. रचनाच अशी हवी की जुन्या सवयीनं पुढे सरकताच येऊ नये.

कागदांची अदलाबदल

तिसऱ्या तासाला बाईंनी गटांना एकमेकांचे कागद दिले. आता विरुद्ध बाजू घ्यायची आणि मूळ गटापेक्षाही चांगली मांडायची. मिनेसोटा विद्यापीठातल्या डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन या बंधूंनी विकसित केलेल्या पद्धतीचा हा गाभा आहे. आधी एक बाजू, मग तिच्या उलट बाजू, मग दोन्ही सोडून एकत्र निवेदन. मूळ गटानं ‘हो, आम्हाला हेच म्हणायचं होतं’ असं कबूल करेपर्यंत बाई पुढे जाऊ देत नव्हत्या. एका गटाला तीनदा परत पाठवलं.

वक्तृत्ववाल्या मुलाच्या वाट्याला नाकेबंदी आली. तो कागद घेऊन बराच वेळ नुसता बसला. मग त्यानं मूळ नाकेबंदी गटाला विचारलं, ‘जहाजं अडवून नवी क्षेपणास्त्रं थांबतील. जी आधीच पोहोचली आहेत ती कशी हलणार?’

मूळ गटाकडे उत्तर नव्हतं. दहा मिनिटांची कुजबुज झाली आणि मग एकीनं सांगितलं की नाकेबंदी हा उपाय म्हणून पुरा पडतच नाही, तिचा उपयोग वेळ मिळवण्यापुरता. त्या वेळात समोरच्याला माघार घ्यायला वाट मिळते आणि आपले बाकीचे मार्गही खुले राहतात. केनेडींच्या सल्लागारांतही नाकेबंदीचं समर्थन याच अंगानं झालं आणि तिच्यावरचा सगळ्यात टोकदार आक्षेपही हाच होता. मुलं स्वतःच्या पायांनी तिथवर पोहोचली होती.

याच तासाला बाईंनी हवाई हल्ल्याच्या गटाकडे एक चिठ्ठी धाडली. २१ ऑक्टोबरला हवाई दलाचे जनरल वॉल्टर स्वीनी यांनी केनेडींना सांगितलं होतं की हल्ला कितीही चांगला झाला तरी माहीत असलेल्या क्षेपणास्त्रांपैकी फार तर ९० टक्के नष्ट होतील. चिठ्ठी वाचून गटातल्या एकानं लगेच म्हटलं, ‘नव्वद म्हणजे उत्तम.’ दुसऱ्यानं विचारलं, ‘उरलेल्या दहांतलं एक उडालं तर?’ त्यावर त्या दोघांचं जे जुंपलं ते मला आठवड्यातलं सर्वोत्तम संभाषण वाटलं. दोघांपैकी कुणीही सेनापती किंवा राष्ट्राध्यक्ष असल्याचा आव आणत नव्हता. किती धोका पत्करण्याजोगा आहे हे ते खरोखर शोधत होते.

तास संपताना बाईंनी सांगितलं की केनेडींच्या सल्लागारांनीही त्याच आठवड्यात गट पाडून आपापल्या मार्गाची टिपणं लिहिली होती, ती अदलाबदल करून एकमेकांच्या टिपणांतले दोष काढले होते. लोकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नव्हते. हे आधी सांगितलं असतं तर मुलांनी नक्कल केली असती. नंतर सांगितल्यामुळे आपण जे केलं ते खऱ्या कामासारखं होतं, हे त्यांच्या लक्षात आलं.

तीन नव्या खुर्च्या

आराखड्यात नसलेली गोष्ट चौथ्या तासाला घडली. फारसं न बोलणारी एक मुलगी देवाणघेवाणीचा कागद वाचत होती. त्यात तुर्कस्तानात अमेरिकेची १५ ज्युपिटर क्षेपणास्त्रं असल्याचा उल्लेख होता. तिनं विचारलं, ‘त्यांच्या दाराशी यांची चालतात, मग यांच्या दाराशी त्यांची का चालत नाहीत?’

दोघातिघांनी तिला गप्प करायचा प्रयत्न केला. ‘हा आपला विषय नाही’ असा सूर होता. पण बाईंनी प्रश्न धरून ठेवला. चारही कागद वॉशिंग्टनच्या टेबलावरून लिहिलेले होते, त्यामुळे तीन दिवस सगळा वर्ग त्या एकाच खोलीत बसून जगाकडे पाहत होता. बाईंनी तिथल्या तिथे तीन खुर्च्या पुढे मांडल्या: सोव्हिएत संघ, क्युबा, तुर्कस्तान. प्रत्येक खुर्चीवर एकेक विद्यार्थी आणि हातात पाचसहा ओळींची माहिती.

क्युबाच्या खुर्चीवरच्या मुलाला एप्रिल १९६१ ची बे ऑफ पिग्सची स्वारी माहीत नव्हती. अमेरिकेच्या गुप्तचर संस्थेनं तयार केलेल्या क्युबन निर्वासितांच्या फौजेनं तेव्हा क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांचं सरकार उलथवण्याचा प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. ते वाचल्यावर तो म्हणाला, ‘मग मी तरी काय करायचं होतं?’ सोव्हिएत खुर्चीनं अण्वस्त्रांच्या संख्येतली तफावत पुढे केली. तुर्कस्तानच्या खुर्चीवरची मुलगी मात्र दोन्ही बाजूंवर सारखीच चिडली होती: ‘माझ्या देशातली क्षेपणास्त्रं द्यायची की ठेवायची हे तुम्ही ठरवताय. मी नाटोत आहे. मला एकदा तरी विचारलंत का?’

देवाणघेवाणीचा गट तोवर आपला मार्ग सगळ्यात कमी नुकसानीचा आहे अशा समजात होता. हा प्रश्न त्यांना चांगलाच झोंबला. त्यांच्या वाक्यातल्या रिकाम्या जागी तुर्कस्तान नव्हताच.

परराष्ट्र धोरण शिकवताना सगळ्यात जास्त याच ठिकाणी घसरायला होतं असं मला वाटतं. आपल्या देशाचं हित काय, हा प्रश्न रास्त आहे आणि मुलांनी तो विचारलाच पाहिजे. पण पलीकडच्याला काय दिसतं आहे हे नीट सांगता येत नसेल तर आपलं हितही नीट मोजता येत नाही. क्रुश्चेव्ह कशाला घाबरतात हे ज्याला कळलं नाही, त्याला ते कशामुळे मागे हटतील हे कसं कळणार? दुसऱ्याची बाजू समजून घेणं हा सौजन्याचा भाग आहे असं शाळांत शिकवलं जातं. इथे तो हिशेबाचा भाग होता.

निर्णय आणि त्यानंतरची माहिती

हात वर करून मतदान घ्यायला बाईंनी नकार दिला. मिश्र गटांनी आधी एकत्र निवेदन करायचं होतं. ज्यावर एकमत होईना तो मतभेद निवेदनात नेमक्या शब्दांत लिहायचा. मग प्रत्येकानं राष्ट्राध्यक्षांना एक पानी टिपण द्यायचं: माझी निवड, तिच्यावरचा सगळ्यात जड आक्षेप आणि कोणती माहिती मिळाली तर मी मत बदलीन.

बहुतेकांनी नाकेबंदी निवडली. थोड्यांनी देवाणघेवाण, दोघांनी सहन करण्याचा मार्ग. वक्तृत्ववाला मुलगा हवाई हल्ल्यावरच राहिला, पण आधी इशारा देऊन. नाकेबंदीच्या बहुमतावर मी फारसा विसंबलो नाही. शेवट ठाऊक असल्याचा तो परिणाम किती आणि विचाराचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

टिपणं गोळा झाल्यावर भिंतीवरची तारीख उतरली आणि बाईंनी पुढचं सांगितलं. क्युबात सोव्हिएत सैनिक १० हजारांच्या आसपास असावेत असा अमेरिकेचा अंदाज होता, प्रत्यक्षात ते सुमारे ४२ हजार होते. स्वारी झाली असती तर रणांगणावर वापरता येतील अशी अण्वस्त्रंही तिथे पोहोचलेली होती. मॅकनमारांना हे १९९२ मध्ये हवानातल्या परिषदेत कळलं. २७ ऑक्टोबरला क्युबावर एक यू-२ पाडलं गेलं आणि वैमानिक रुडॉल्फ अँडरसन मरण पावले. त्याच दिवशी अमेरिकी युद्धनौकांनी वेढलेल्या बी-५९ या सोव्हिएत पाणबुडीवर अण्वस्त्रधारी टॉर्पेडो होता. तो डागण्याच्या विचारापासून कॅप्टनला वासिली आर्खिपॉव्ह या अधिकाऱ्यानं परावृत्त केलं, असं पुढे सांगितलं गेलं. आणि त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्षांचे भाऊ रॉबर्ट केनेडींनी सोव्हिएत राजदूत दोब्रिनिन यांना गुप्तपणे सांगितलं की तुर्कस्तानातली ज्युपिटर काढली जातील. एप्रिल १९६३ पर्यंत ती काढलीही. तुर्कस्तानला यातलं काही विचारलं गेलं नव्हतं. २८ तारखेला माघार जाहीर करताना क्रुश्चेव्ह यांनी कॅस्ट्रोंनाही विचारलं नव्हतं.

तुर्कस्तानच्या खुर्चीवरची मुलगी एवढंच म्हणाली, ‘म्हणजे खरंच नाही विचारलं.’

मग आपलंच टिपण परत वाचून खाली एक परिच्छेद जोडायचा होता. हवाई हल्ला निवडणाऱ्या मुलाचा परिच्छेद बाईंच्या परवानगीनं मी उतरवून घेतला: ‘बेचाळीस हजार सैनिक आहेत हे मला माहीत नव्हतं, त्यामुळे तेव्हाच्या माहितीवर माझं मत वाईट नव्हतं. पण मला सगळं माहीत नाही हे मला माहीत होतं. ज्या मार्गावरून परत फिरता येत नाही तो निवडताना ते मी धरायला हवं होतं.’ असं वाक्य मोठ्या माणसांच्या टिपणांतही क्वचित सापडतं. त्यानं मत पूर्ण बदललं नाही आणि बदलावं अशी अपेक्षाही नव्हती.

बाईंचं मत

‘बाई, तुम्ही काय केलं असतं?’ हा प्रश्न आठवडाभर येत होता. टिपणं हातात पडेपर्यंत त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. नंतर मात्र सरळ सांगितलं की त्या पहिल्याच दिवशी देवाणघेवाणीचा प्रस्ताव मांडला असता आणि तुर्कस्तानला विश्वासात घेतलं असतं. त्यावर मुलांनी त्यांनाही सोडलं नाही. तुर्कस्ताननं नकार दिला असता तर, बातमी फुटली असती तर, असे प्रश्न झडले.

शिक्षकानं मत कधीच सांगू नये असं मानणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. आधी सांगितलं तर मुलं त्या मताभोवती गोळा होतात, हे खरं. पण शेवटपर्यंत दडवलं तर विचारी माणसाला मतच नसतं असा समज होतो आणि तो जास्त घातक आहे.

गुण कशाला दिले

वक्तृत्वाला गुण नव्हते. विरुद्ध बाजू तिच्या माणसाला मान्य होईल अशी मांडली का, किंमत कोण मोजणार ते नावानिशी लिहिलं का आणि माहिती कुठे संपते व अंदाज कुठे सुरू होतो हे दाखवलं का, एवढंच पाहिलं. अबोल मुलांपैकी तिघांची टिपणं पहिल्या पाचांत आली. तरी दोन मुलं आठवडाभर जवळजवळ काहीच बोलली नाहीत, वाचनात मागे असलेल्यांना कागद जड गेले आणि बैठकांच्या ध्वनिमुद्रणांतले उतारे तर चांगल्या वाचकांनाही कठीण वाटले. पुढच्या वेळी ते उतारे निम्मे करायचे आहेत.

इतिहासातला प्रसंग घेतल्यानं आजच्या प्रश्नांना बगल दिली जाते, असा आक्षेप एका सहकाऱ्यानं घेतला. त्यात तथ्य आहे. पण चालू प्रश्नावर मुलं घरातली आणि पक्षांची मतं घेऊन येतात आणि पहिल्याच फेरीत मोर्चे बांधले जातात. सवय आधी जुन्या प्रश्नावर लागावी, मग ती चालू प्रश्नावर तपासावी, हा क्रम मला योग्य वाटतो. अट एवढीच की दुसरी पायरी खरोखर गाठली पाहिजे.

बाईंनी ती ठरवली आहे: आर्थिक निर्बंध कधी लादावेत? आधाराला इराकचं उदाहरण आहे. ऑगस्ट १९९० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ६६१ क्रमांकाच्या ठरावानं इराकवर निर्बंध घातले आणि १९९५ च्या ९८६ क्रमांकाच्या ठरावानं तेल विकून अन्न-औषधं घेण्याची वाट काढली. तिथून मुलं आज लागू असलेल्या निर्बंधांकडे वळतील, जिथे शेवट कुणालाच माहीत नाही आणि भिंतीवर तारीख लावण्याची गरजही नाही. क्युबाच्या कागदांतही बदल केले आहेत. तिन्ही खुर्च्या आता पहिल्या तासापासून असतील आणि ‘सहन करा’ हा मार्ग वर्गातल्या सर्वांत तयारीच्या मुलांकडे जाईल. निर्बंधांच्या प्रकरणातला पहिला कागद आम्ही लिहायला घेतला आहे तो निर्बंध सोसणाऱ्या देशातल्या नागरिकाचा. निर्बंध लादणाऱ्या सरकारांचे कागद त्यानंतर लिहायचे आहेत.